एका श्वासाचं घर

“घरात एका वेळी एकाच माणसाचा श्वास राहील, एवढं सांभाळा, उज्ज्वलाताई.”

हे वाक्य उज्ज्वला निकुंभला दिवसातून दहा वेळा तरी आठवायचं. दाराची कडी काढताना, चहाला कपभर पाणी ठेवताना, देवापुढे हात जोडताना. आवाज मऊ होता, समजूतदार होता. मोठ्या बहिणीने जवळ बसवून सांगावं, तसा. फक्त तो कुणा बाईचा नव्हता. पाटणशेंद्रे नगरपरिषदेने लोकांच्या शंकांसाठी एक बोलतं यंत्र ठेवलं होतं. फोन लावावा, प्रश्न विचारावा, की ते नियम समजावून सांगायचं. त्याचं कागदोपत्री नाव ‘नागरिक मार्गदर्शिका’. गावाने तिला सरकारमावशी करून टाकलं होतं.

उज्ज्वलाने सरकारमावशीला पहिल्यांदा फोन केला तो दीड वर्षापूर्वी, माघात. गावाबाहेरून नवा रस्ता गेला आणि रस्त्यालगतच्या घरांची फेरआकारणी झाली. तिच्या सासऱ्यांनी बांधलेल्या आणि नवऱ्याने, प्रभाकरने, हौसेने स्लॅब टाकलेल्या तीन खोल्या कागदावर एकदम श्रीमंत झाल्या. घरपट्टी तिप्पट झाली. प्रभाकर जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, तिची स्वतःची नोकरी अंगणवाडीची. नोटीस वाचून तिने ती देवापाशी ठेवली आणि दोन दिवस तिच्याकडे पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी शेजारची रोहिणी बागल म्हणाली, “काकू, एकट्या राहणाऱ्याला निम्मी सूट आहे की. एकल निवासी सवलत. पण डबी बसवून घ्यावी लागते.”

डबी म्हणजे श्वासमापक. तळहाताएवढा पांढरा चौकोन, खोलीच्या मधल्या भिंतीवर, माणसाच्या छातीच्या उंचीवर बसवायचा. एकटं राहतो म्हणून खोटं सांगणारे फार झाले, तेव्हा नगरपरिषदेने हा उपाय काढला होता. कॅमेरा नको, कान नको, कुणाच्या खाजगीत डोकावणं नको. माणूस श्वास सोडतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. निजलेला माणूस तासाला दहा-बारा लिटर सोडतो, कामात असलेला वीसच्या आसपास. हवेतलं हे प्रमाण किती चढतं आणि किती उतरतं, त्यावरून आत किती माणसं आहेत याचा अंदाज बांधता येतो. डबीवर एक छोटा आकडा दिसायचा. उज्ज्वलाच्या घरी तो कायम एक असायचा.

डबी बसवायच्या आदल्या दिवशी तिने सरकारमावशीला सगळं नीट विचारून घेतलं होतं. अंगणवाडीतली सवय. रजिस्टर असो की नेम, अर्धवट माहितीवर हात घालायचा नाही.

“पाहुणा आला तर?”

“वीस मिनिटांपर्यंत हरकत नाही. त्याहून जास्त वेळ दुसरा श्वास आढळला, तर घर पुन्हा तपासणीत जातं आणि सवलत थांबते.”

“आणि मी कुठं गेले तर?”

“घर रात्रीचं रिकामं राहू नये, उज्ज्वलाताई.”

“आमच्या गच्चीवर एक मांजर येतं. त्याचं काय?”

“चार किलोच्या आतलं असेल तर मोजलं जात नाही,” सरकारमावशी म्हणाली. उज्ज्वलाने त्या मांजराला उचलून रोहिणीच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं. ते साडेतीन भरलं. रोहिणी हसून हसून बेजार झाली. “आता देव्हाऱ्यातले देव श्वास घेतात का, तेही विचारून घ्या एकदा!”

मग स्वयंघोषणापत्र आलं. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की’ अशी त्याची सुरुवात होती. दुसऱ्या कुणी डोळे झाकून सही ठोकली असती. उज्ज्वलाने आंघोळ करून, दिवा लावून सही केली. सोळा सोमवार, चातुर्मासाचं एकभुक्त, पौर्णिमेचा उपास, जे जे घेतलं ते तिने पुरं केलं होतं. ताप असताना केलं, प्रभाकर दवाखान्यात असतानाही केलं. सही म्हणजे तिच्या लेखी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडणंच होतं. घेतला वसा टाकायचा नाही.

नगरपरिषदेच्या नियमाला तिने व्रताचा दर्जा दिला, तिथेच सगळं फसलं. नियम टाळता येतो, वाकवता येतो, पुन्हा विचारता येतो. व्रताला ‘का’ विचारायची तिला सवयच नव्हती.

*

तिच्या नणंदेचं नाव निर्मला. प्रभाकरची थोरली बहीण, नदीपलीकडे कोंढाऱ्यात दिलेली. जिभेने तिखट, पण फणसासारखी. लग्नानंतर एकही श्रावण तिने माहेराबाहेर काढला नव्हता. पिशवीत दोन पातळं आणि अडकित्ता घेऊन यायची ती थेट पोळा करूनच जायची. श्रावणातल्या रविवारी उज्ज्वला कहाणी सांगायची आणि निर्मलाताई मुठीत तांदूळ धरून समोर बसायची. कहाणी एकटीने वाचून चालत नाही. ऐकणारं माणूस लागतं आणि त्याचा हुंकार लागतो. ताईंचा हुंकार मोठा रंगीत असायचा. राजाने राणीला टाकलं की “हूं” रागाचा, देव दारात आला की “हूं” भिजलेला. मध्येच म्हणायच्या, “हा राजा आमच्या कोंढाऱ्याचाच दिसतो गं.”

त्याच ताईंना त्या वर्षी चैत्रात उज्ज्वलाने फोनवर सांगितलं, “इतक्यात येऊ नका हं, रंग काढलाय.” ज्येष्ठात सांगितलं, “गच्ची गळतेय, सगळा पसारा आहे.”

खरं सांगता आलं असतं. पण सासरे गेल्यावर ताईंनी या घरातला आपला हिस्सा एका सहीत सोडून दिला होता. वकील म्हणाला होता, बाई, विचार करा. ताई म्हणाल्या होत्या, “माहेराचा कसला आलाय हिस्सा? दार उघडं असलं म्हणजे झालं.” अशा माणसाला ‘तुमच्या मुक्कामाने माझी घरपट्टी वाढते’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

श्रावणाच्या पहिल्या शनिवारी ताई न विचारता आल्या. रिक्षा वाजली, पाठोपाठ हाक आली, “उज्ज्वल! पाणी आण गं आधी, घसा सुकलाय.”

उज्ज्वला दारात आडवी उभी राहिली. आपण आडव्या उभ्या आहोत हे तिला नंतर कळलं.

“ताई, आत... आत ढेकणांचं औषध मारलंय. इथं ओट्यावरच बसा थोडा वेळ. चहा आणते.”

ताई बसल्या. पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. चहा प्याल्या. आतून उदबत्तीचा वास येत होता, आणि ताईंचं नाक आयुष्यभर मसाले कुटलेलं होतं.

“औषधाला वास भारी चांगलाय गं,” त्या म्हणाल्या.

उज्ज्वलाने पाठीमागचं दार आणखी ओढून घेतलं.

“सत्तर वर्षांत या ओट्यावर खेळले, भांडले, इथूनच वरात निघाली माझी. पाहुण्यासारखा चहा आज पहिल्यांदा प्याले.” त्यांनी कपबशी खाली ठेवली. बशीत एक थेंब सांडला होता, तो बोटाने चाचपून पुसला. “येते.”

“पुढच्या श्रावणात नक्की या, ताई. नक्की.”

“हूं,” ताई म्हणाल्या. त्या हुंकारात कुठलाच रंग नव्हता.

*

दुसरा श्रावण आला. ताईंचा फोन नाही. उज्ज्वलाने लावला नाही. काय सांगणार होती?

एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. पण तिला झाली ती आवाज न करण्याची सवय. ताटली हळू ठेवायची, खुर्ची उचलून सरकवायची, खोकला आला तर पदर तोंडावर. जणू मोठ्याने वावरलं तर डबीला दोन माणसं वाटतील. वायूचा आणि आवाजाचा काही संबंध नाही हे तिला ठाऊक होतं, तरीही. देवळातलं भजन संपलं की बायका म्हणायच्या, “चला उज्ज्वलाताईंकडे, टेकू जरा.” ती म्हणायची, आज नको. हळूहळू बायकांनी विचारणं सोडलं. दाराबाहेर नगरपरिषदेने निळी पाटी लावली होती, ‘एकल निवास’. पोस्टमनसुद्धा पाटी पाहून बाहेरूनच हाक मारायचा.

पहिल्या रविवारी तिने रांगोळी काढली, तांदूळ घेतले आणि कहाणी सांगायला बसली. समोर पाट मोकळा होता. भिंतीवर डबीचा आकडा चमकत होता. तिने तांदूळ डबीखाली ठेवले आणि डबीकडे तोंड करून सुरुवात केली. राजाने राणीला टाकलं, तिथं ती सवयीने थांबली.

खोलीत काहीच झालं नाही. तिने पुढची कहाणी घाईने उरकली. उरकणं हा शब्द तिने आयुष्यात कधी पूजेला वापरला नव्हता.

बुधवारी अंगात ताप भरला. रोहिणी काढा घेऊन आली, पायाशी बसली, कपाळावर पट्टी ठेवली. गार पट्टी आणि दुसऱ्याचा हात. उज्ज्वलाला रडू फुटणार होतं, एवढ्यात तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं.

“रोहिणी, जा गं आता. अठरा मिनिटं झाली.”

“काकू, ताप एकशे दोन आहे!”

“जा. सही केलीय मी.”

रोहिणी उठली. पट्टी तशीच हातात घेऊन दारात उभी राहिली आणि आतापर्यंत गिळलेलं बोलली. “उद्या तुमचं काही बरंवाईट झालं ना, तर त्या भिंतीवर शून्य आल्यावरच कळायचं आम्हाला. तोवर एक म्हणजे एक. बरं चाललंय म्हणायचं.”

दोन दिवस उज्ज्वला पडून राहिली. ताप उतरला, वाक्य उतरलं नाही. शनिवारी सकाळी तिने डोक्यावरून पाणी घेतलं, देवापुढे उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा एक व्रत मोडायची परवानगी मागितली. घरपट्टी पुरी भरायची. पाटल्या मोडायच्या, पुढच्या वर्षी मागची खोली विकायची, जे व्हायचं ते होऊ दे. पण ताईंना आणायचं.

*

करविभागात गवांदे नावाचे निरीक्षक होते. पन्नाशीचे, टेबलावर पावत्यांचा ढीग आणि ढिगावर डबा उघडा.

“बोला आई, काय काम काढलंत?”

“सवलत परत करायचीय.”

गवांदेंचा घास हातात राहिला. “मागायला रोज पन्नास येतात. परत करायला तुम्ही पहिल्याच. झालं काय?”

“माझ्या नणंदेला श्रावणभर राहायला बोलवायचंय.”

“मग बोलवा की.”

“दोन श्वास होतील ना.”

“होऊ द्या. चार होऊ द्या. सवलत कायम राहणाऱ्या माणसांवर असते, आई. पाहुणा वर्षात सहा महिने राहिला तरी तुम्ही एकट्याच धरल्या जाता. डबी वर्षाची सरासरी बघते, पाहुण्यांची हजेरी नाही घेत.”

“वीस मिनिटं...” उज्ज्वला म्हणाली.

गवांदेंनी डब्याचं झाकण लावलं. ते हळू लावलं, आणि तेवढ्यावरून तिला कळलं की वीस मिनिटं हा शब्द त्यांनी आधी ऐकलेला आहे.

“तुमची डबी कधी बसली?”

“गेल्या वर्षी माघात.”

त्यांनी कपाटातून दोन पानी परिपत्रक काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. “हे बघा. कुठलीही दोन घरं सारख्या फटींची नसतात. तुमच्या खिडकीतून किती हवा जाते, दाराखालून किती, हे डबीला आधी शिकावं लागतं. ते माहीत नसेल तर आत एक आहे का दोन, तिला काय कळणार? म्हणून बसवल्यापासून पहिले बहात्तर तास घरात एकच माणूस हवं. दुसरं कुणी वीस मिनिटांहून जास्त थांबलं, किंवा घर रात्री रिकामं राहिलं, तर शिकणं पुन्हा पहिल्यापासून, आणि सवलत तेवढी उशिरा लागू. बस. तीन दिवसांचा मामला.”

“तीन दिवस,” उज्ज्वला म्हणाली.

“आता गंमत बघा. म्हणजे, गंमत नाही...” त्यांनी बोट ठेवलं. “‘पहिल्या बहात्तर तासांसाठी सूचना’ हा मथळा आलाय पहिल्या पानाच्या अगदी तळाला. आणि सूचना सुरू होतात दुसऱ्या पानावर. हे यंत्र पान-पान करून वाचतं. मथळा राहिला मागं, सूचना तेवढ्या तिच्या डोक्यात बसल्या. कायमच्या.”

पंखा फिरत होता. पावत्यांचे कोपरे उडत होते, बसत होते.

“तुम्हाला कधी कळलं?”

“यंदा मार्चात. लगेच दुरुस्त केलं. आता कुणी विचारलं तर ती अगदी बरोबर सांगते.”

“आणि ज्यांनी आधी विचारलं होतं?”

गवांदेंनी चष्मा काढून पुसला. “ते परत कशाला विचारतील, आई? ज्याला नियम कळलाय असं वाटतं, तो पाळत बसतो. संकेतस्थळावर टाकलंय की.”

“पत्र नाही पाठवलं कुणाला?”

“तीनशे बारा घरं आहेत. मी टिपण दिलं होतं वर. वरून आलं, पत्र पाठवणं म्हणजे चूक लेखी कबूल करणं.” त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. “माझं नाव घेऊ नका कुठं.”

राग आला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं. रागाला निदान ऊब असते. तिला दिसला तो फक्त मोकळा पाट. दीड वर्ष तिने जे जिवापाड पाळलं, ते कुणीच मागितलं नव्हतं. ना देवाने, ना नगरपरिषदेने.

“या कागदाची प्रत मिळेल?” तिने विचारलं.

गवांदेंनी प्रत काढली. मग, तिने मागितलं नव्हतं तरी, शिक्का उचलला आणि खाली कोपऱ्यात बारीकशी सही केली.

*

घरी जाताना गुरव गल्लीत एक निळी पाटी दिसली. तिथे भालचंद्र उपासनी राहायचे, निवृत्त पोस्टमास्तर. तिने खिडकीतून सगळं सांगितलं, कागद गजांमधून आत धरला. त्यांनी तो वाचलाही. मग म्हणाले, “बाई, तुम्ही म्हणता ते असेलही. पण मला सरकारमावशीनं स्वतः सांगितलंय.” आणि खिडकी अलगद ओढून घेतली.

 नुसतं सांगून कुणाला काही पटत नसतं, हे तिला त्या दिवशी पुरतं कळलं. आणि मग कोंढाऱ्याच्या फोनची भीती आणखी वाढली.

दोनदा रिंग पुरी वाजली. तिसऱ्यांदा उचलला.

“बोल,” ताई म्हणाल्या. “ढेकूण मेले का सगळे?”

“ताई, ढेकूण नव्हतेच.”

“ते मला त्याच दिवशी कळलं. काय होतं ते बोल.”

उज्ज्वलाने सांगितलं. घरपट्टी, डबी, सही, वीस मिनिटं, गवांदे. एका दमात, मधे कुठेही स्वतःची बाजू न घेता. पलीकडे हुंकार नव्हता.

“उज्ज्वल,” अखेर ताई म्हणाल्या, “माझ्याकडे पण तीच डबी आहे.”

“काय?”

“सुहास नाशिकला गेला सूनबाईंना घेऊन. हद्दवाढीत कोंढारं तुमच्याच नगरपरिषदेत आलं ना. दिवाळीत बसवली. मला पण त्या सरकारमावशीनं तेच सांगितलं, एकच श्वास.” त्या हसल्या, कोरडं. “मी म्हटलं, वा! माहेरी पण एकच, सासरी पण एकच.”

“ताई, ते चुकीचं होतं. आता पुन्हा विचारा तिला, आता खरं सांगते ती.”

“म्हणजे तेव्हा खोटं आणि आता खरं? मग तुझ्यात न् तिच्यात फरक काय?”

“माझ्याकडे कागद आहे, ताई. शिक्क्याचा.”

“कागद!” ताईंचा आवाज पहिल्यांदा हलला. “मला ताटातली भाजी दिसत नाही, उज्ज्वल. डावा डोळा गेल्यातच जमा आहे, उजव्यात मोतीबिंदू पिकलाय. दिसत नाही म्हणून तर त्या बयेला विचारत बसते. दिसतं ते कुणाला? ऐकू येतं तेवढंच जग उरलंय, आणि त्यात जो तो आपलं आपलं सांगतो.”

“ऑपरेशन?”

“दोनदा ठरलं. दवाखान्याची गाडी सकाळी सातला दारात येते. सोबत माणूस असेल तरच नेतात, नाहीतर दारातून परत. नंतर पंधरा दिवस थेंब घालायला घरात कुणी राहायला हवं म्हणे. मी म्हटलं, माझ्या घरात दुसरं माणूस चालत नाही. गाडी परत गेली. दोन्ही वेळा. आता परवा सोमवारी येणाराय. डॉक्टर म्हणाला, आजी, ही शेवटची, यापुढं उजवा पण हाती लागायचा नाही.”

“मग सुहास?”

“त्याला रजा नाही. मी सांगितलं पण नाही फार.”

उज्ज्वलाने हातातला कागद पुन्हा उलगडला. एका परिपत्रकाचं पान उलटलं गेलं आणि नदीपलीकडे एका बाईचे डोळे विझत गेले. आपण गेल्या श्रावणात दार अडवलं नसतं, तर ताईंनी तिथेच सांगितलं असतं, पुसट दिसतंय गं. तेव्हा ताईंनी बोटाने चाचपून थेंब पुसला होता. झालेला अपमान त्या अशा पुसताहेत, असं आपल्याला वाटलं होतं. खरं तर तो थेंब त्यांना नीट दिसतच नव्हता.

“मी येते, ताई. सोमवारी सातच्या आत तुमच्या दारात असेन. पंधरा दिवस राहीन. थेंब मी घालीन.”

“येशील गं,” ताई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, दमलेपणा होता. “तू नक्की म्हणतेस तेव्हा मी आता वाट बघत नाही. दार उघडं ठेवीन. सात वाजले की लावून घेईन. ठेवते.”

*

रविवारी तिने कहाणी सांगितली नाही. रोहिणीला बोलावलं, किल्ली दिली, चातुर्मासातला अखंड दिवा दाखवला. “तेल बघ रोज. वात मोठी नको.”

“मी?” रोहिणीने विचारलं. “तुमचा दिवा? आणि विझला तर?”

उज्ज्वलाने काडेपेटी दिव्याशेजारी ठेवली. “विझला तर पुन्हा लाव.”

असं वाक्य आपल्या तोंडून येईल हे तिला महिन्यापूर्वी खरं वाटलं नसतं. रोहिणीलाही वाटलं नसावं. तिने किल्ली मुठीत घट्ट धरली.

सोमवार उजाडायच्या आत उज्ज्वलाची आंघोळ झाली होती. श्रावणी सोमवार, उपास. पिशवीत दोन पातळं, एक टॉवेल, राजगिऱ्याचे लाडू आणि गजराचं लहान घड्याळ. थेंब दर तीन तासांनी घालायचे असतात, असं दवाखान्यात फोन करून तिने विचारून घेतलं होतं. माणसाला विचारलं होतं, आणि दोनदा विचारलं होतं.

स्टँडवर कोंढाऱ्याची पहिली गाडी सव्वासातची होती. रिक्षावाले सातच्या आधी उठत नाहीत, आणि उठले तरी पुलावरच्या खड्ड्यांत यायला कुरकुरतात. अंतर पाच किलोमीटर. तिने गुडघ्याला तेल चोळलं, पट्टा बांधला, चपला घातल्या.

बाहेर अजून झुंजुमुंजू होतं. गल्लीतला नळ सुटला होता आणि कुणाची तरी बादली भरून वाहत होती. तिने वाकून नळ बंद केला, पिशवी डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतली आणि पुलाच्या रस्त्याला लागली.